प्रमिलाताईंचा डबा

मेल्यावर बरोबर कुणी काही घेऊन जात नाही, असं आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या, आणि त्यांच्या काळी ते खरंही होतं. हेमलता आवटी मात्र पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या आणि बरोबर काय न्यायचं त्याचा पसारा त्यांनी पांघरुणावर मांडला होता. मिरजेच्या पैलघरानं पाच वस्तूंची परवानगी दिली होती. पाचच का, असं त्यांनी दोनदा विचारून झालं होतं. आता दिवाळी काही दिसायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पण बाईंना त्याचं फारसं वाटलेलं दिसत नव्हतं. त्यांना काळजी होती ती खलबत्त्याची. दगडी आहे, जड आहे, चालेल ना, म्हणून.

केतकी, त्यांची मुलगी, शेजारी बसून औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होती. पंचेचाळिशी गाठलेली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा पुण्याचं चालून आलेलं स्थळ तिनं नको म्हटलं. ते गेले, मग आईचं दुखणं सुरू झालं, आणि या दोन दुखण्यांच्या मध्ये तिचं स्वतःचं जे काही व्हायचं होतं ते राहूनच गेलं. तिला त्याचा राग येत नसे असं नाही. यायचा, पण तो भांडी घासताना यायचा आणि भांडी संपली की जायचा.

चार वस्तू ठरल्या. हेमलताबाईंच्या आईची काठ विरलेली इरकल, नवऱ्याचं मनगटी घड्याळ, नव्या संसारात पहिल्यांदा घेतलेला तो खलबत्ता, आणि सन्मतीची कंपासपेटी. सन्मती, घरातला सनू, हा केतकीचा थोरला भाऊ. अकरा वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला. पेटीत अजून त्याचा मोडका कोनमापक होता आणि झाकणावर त्यानं कर्कटकानं कोरलेलं विमान होतं. पाचवी वस्तू काय, ते ठरेना.

पैलघरात डॉक्टर शाहीन सतारमेकर हे काम बघत. घराणं तंबोरे-सतारी करणारं, ही बाई मेंदूच्या शास्त्रात शिरली. त्यांनी केतकीला समजावून सांगितलं ते असं. माणसाची आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आठवताना मेंदू ती दरवेळी नव्यानं घडवतो आणि पुन्हा नव्यानं ठेवून देतो. जिवंतपणी वास, भूक, रस्ता, शेजारी, सगळे मिळून तिला जागेवर ठेवतात. मेल्यावर मेंदूची जी प्रत यंत्रात चालू राहते, तिला यातलं काही नसतं. सुरुवातीच्या काळात केलेल्या प्रती वर्षाच्या आत विरून गेल्या, नुसतं पुटपुटणं उरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की एखादी जिवाभावाची वस्तू अगदी बारकाव्यानिशी, वजन, गारवा, ओरखडे, वास यांसकट प्रतीच्या हाती दिली, तर तिच्याशी बांधलेल्या आठवणी टिकतात.

"वस्तू म्हणजे खुंटी समजा," शाहीन म्हणाल्या. "तार खुंटीला बांधलेली असते तोवर सुरात राहते. ज्या तारेला खुंटीच नाही, ती हळूहळू सैल पडते. मग वाजत नाही."

म्हणून मरणाच्या आधी काही आठवडे माणसाला एकेक वस्तू हातात देऊन मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या टोपीखाली बसवत. कोणत्या वस्तूनं कोणत्या आठवणी जाग्या होतात ते समोरच्या पडद्यावर दिसे. हेमलताबाईंनी इरकल मांडीवर घेतली आणि त्यांचं अख्खं माहेर उजळलं. घड्याळानं नवरा आला, खलबत्त्यानं जुनी खोली आणि सासूबाई. कंपासपेटी नुसती उघडली तर पडदा इतका पांढरा झाला, की शाहीनना उजेड कमी करावा लागला.

केतकी पडद्यावर स्वतःला शोधत होती. ती कुठंच नव्हती. काठावर, कोपऱ्यात, एखाद्या आठवणीच्या मागे दार उघडताना अशी पुसटशी कुठंतरी होती, पण बांधलेली कशालाच नव्हती. तिनं शाहीनना विचारलं, की हे असंच राहिलं तर पुढं काय होईल.  शाहीन म्हणाल्या, की सहा-आठ महिने ओळखतील तुम्हाला.

त्या दिवशी घरी येताना गाडीत केतकीनं न राहवून आईला विचारलं, की तुझ्या सगळ्या पसाऱ्यात माझं काहीच कसं नाही गं. हेमलताबाईंना प्रश्नच कळला नाही.

"तुझी वस्तू कशाला जपून ठेवू? तू आहेस की," त्या म्हणाल्या.

बोलणं खरंच होतं. गेलेल्याची कंपासपेटी राहते, रोज समोर असलेल्याचं कोण काय उचलून ठेवतो? पण खरं असलं म्हणून ते कमी लागतं थोडंच. केतकीला फार लागलं. आयुष्यभर मी इथंच राहिले, आणि राहिले म्हणूनच पुसली जाणार, हा कुठला न्याय, असं तिच्या मनात आलं आणि त्या रात्री ती जेवली नाही.

मग तिनं घर उलथंपालथं केलं. स्वतःचं झबलं काढलं, बक्षिसाचा पेला काढला, शाळेतलं चित्र काढलं. आई एकेक वस्तू टोपीखाली हातात घेई, कौतुकानं बघे, आणि पडद्यावर वाती विझाव्यात तसे चार ठिपके लुकलुकून जात. ट्रंकेत ठेवून विसरलेल्या वस्तू होत्या त्या. शेवटी वेळ जेवणाची झाली आणि केतकीनं नेहमीसारखा मऊ भात आणला. गेली दोन वर्षं ती दवाखान्यात, पैलघरात, जाईल तिथं त्याच एका स्टीलच्या गोल डब्यात आईला मऊ भात आणि वर तूप घालून नेत असे. तिनं झाकण उघडलं, डबा आईच्या हातात दिला, आणि आईच्या डोक्यावरची टोपी काढायची राहून गेली होती.

पडदा उजळला. त्यात केतकीच केतकी होती. भात कालवणारी, तोंड पुसणारी, चिडलेली, झोपलेली, सहा वर्षांची, चाळीस वर्षांची. केतकीला रडूच फुटलं. हाच डबा घ्या, ती शाहीनना म्हणाली.

हेमलताबाईंनी मात्र हात आखडता घेतला. "तो नको. तो आपला नाही. प्रमिलाताईंचा आहे, द्यायचा राहिलाय."

झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, सौ. प्रमिला द. शेडबाळे. सन्मती गेला तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, आणि भिंतीपलीकडच्या प्रमिलाताई त्या डब्यातून पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. डबा घासूनपुसून ठेवला गेला, पण कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, ही आपली रीत. आता पोर गेलेल्या घरातून कुणाच्या हाती गोड काय द्यायचं, म्हणून हेमलताबाई थांबल्या. थांबता थांबता शेडबाळ्यांची बदली बेळगावला झाली, आणि पुढं प्रमिलाताईही वारल्या. डबा राहिला तो राहिला.

केतकी हसली. काकूंना जाऊन दहा वर्षं झाली आई, आता कोण मागायला येतंय, असं म्हणून तिनं तो विषय संपवला. शाहीननाही वस्तूवर नाव कुणाचं आहे याचं काही वाटलं नाही, पडदा उजळला होता तेवढं त्यांना पुरे होतं. दोन शहाण्या बायकांनी मिळून केलेली चूक ती. हेमलताबाई मान हलवत राहिल्या, पण त्यांच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

नवरात्राच्या आधीच त्या गेल्या. वस्तूंच्या नकला यंत्रात उतरवून खऱ्या वस्तू पैलघरानं परत पाठवल्या आणि केतकीनं डबा पुन्हा फळीवर ठेवला.

पैलघरात चेहरा दिसत नसे, नुसता आवाज. चेहरे दाखवले तर घरचे घाबरतात, असा अनुभव होता. पहिला फोन आला तो चहाच्या वेळेला. आईचाच आवाज, तीच धाप, फक्त मागे कसलाच आवाज नाही, पंख्याचाही नाही. दार लावलंस का, असं विचारलं. केतकी अलीकडून हुंदके देत राहिली आणि आई तिला समजावत राहिली, की अगं मला काही दुखत नाही आता, इथं बरं आहे. पुढं रोजचाच फोन सुरू झाला. घड्याळ टिकटिकतंय म्हणायच्या, सनू इथंच बसून गणितं सोडवतोय म्हणायच्या. हे ऐकताना केतकीच्या अंगावर काटा यायचा, पण आई खुशीत आहे म्हटल्यावर तीही हूं हूं करायची.

पहिल्यांदा खटकलं ते संक्रांतीच्या सुमाराला. बोलता बोलता आई थांबली आणि म्हणाली, "तुमचा डबा राहिलाय हो माझ्याकडं. मेला लाजच वाटते."

केतकी म्हणाली, आई, मी केतकी. हो हो, असं म्हणून आईनं विषय बदलला. पण महिन्याभरात 'तू' गेलं आणि 'तुम्ही' आलं, आणि मग एके दिवशी सरळ प्रमिलाताईच आलं. शाहीननी सगळं तपासून कारण सांगितलं. जिवंतपणी हेमलताबाई त्या झाकणावरचं नाव कधी वाचत नव्हत्या, नजर भातावर असायची. तिथं तो डबा कायम डोळ्यांसमोर. जितक्या वेळा हाती येई तितक्या वेळा ते नाव वाचलं जाई, आणि आठवण नव्यानं घडताना डबा घेऊन येणारी बाई त्या नावानं घडत गेली. प्रमिलाताई त्या एकदाच घेऊन आल्या होत्या, पण आता आयुष्यभर त्याच आणत होत्या. बाहेरून यात काही दुरुस्त करायचं म्हटलं तर कायदा आडवा येई. मृताच्या मनात हात घालायला परवानगी नव्हती, आणि ते बरंच होतं म्हणा.

मग माझं काय, केतकीनं विचारलं. शाहीन म्हणाल्या, की लहानपणची केतकी अजून त्याच डब्याला बांधलेली आहे, तिला धक्का नाही. आणि खरंच, आई पुढच्या फोनवर प्रमिलाताईंना सांगत होती, की माझी धाकटी इथंच कुठंतरी असते, हाक मारली की ओ देत नाही, द्वाड आहे. केतकी हातातला फोन घट्ट धरून म्हणाली, येईल हो, जाते कुठं.

इतक्यावर थांबलं असतं तरी तिनं सहन केलं असतं. दुसऱ्या नावानं का होईना, आई रोज बोलत होती. पण होळीनंतर आई म्हणाली, की रिकामा डबा कसा देऊ, आज त्यात पिठल्याचं सगळं घालून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी केतकीनं सहज पिठल्याचा विषय काढला. पिठलं म्हणजे काय हो, आईनं विचारलं. जन्मभर पिठलं केलेली बाई, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, चेष्टेचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात खलबत्ता गेला आणि त्याच्याबरोबर जुनी खोली, सासूबाई, दसऱ्याच्या पुरणातलं जायफळ. मग, इरकल छान घडी करून डब्यात ठेवली, म्हणाली. तिथून पुढं तिला आई नव्हती, गाव नव्हतं. तरी डबा भरेना. "अजून जागा आहे, एवढंसं काय द्यायचं," असं ती म्हणायची आणि घरात अजून काय आहे ते शोधायला जायची. पलीकडून चालण्याचाही आवाज यायचा नाही, नुसती धाप.

केतकी पैलघरात धावत गेली. शाहीनचा चेहरा उतरला होता. आठवण दरवेळी नव्यानं लिहिली जाते, त्या म्हणाल्या, आणि या बाई ती देऊन टाकायच्या मनानं लिहितात, म्हणून ती दिलेलीच लिहिली जाते. खुंट्या आपल्या हातानं सैल करतायत. पोर गेलं त्या दिवशीच्या पिठलं-भाताला तोडीस तोड असं काय घालणार? काहीच पुरणार नाही.

"थांबवायचं कसं?" केतकीनं विचारलं.

"एकच वाट आहे. त्यांनी स्वतःहून डबा द्यायचा आणि समोरच्यानं मिळाला म्हणायचं. तेवढी संमती कायद्याला चालते, आम्ही डबा काढून घेऊ शकतो," शाहीन म्हणाल्या. "पण केतकी, मग त्या डब्याला जे जे बांधलंय, ते सगळं जाईल."

सगळं म्हणजे कोण, ते दोघींनाही माहीत होतं. केतकी घरी आली आणि दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. ज्या डब्यासाठी आईची मान हलत असताना आपण हट्ट केला, तो आता आईला कणाकणानं खात होता. आणि तो काढावा, तर द्वाड धाकटीही गेली. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिच्या बोलण्यात आज घड्याळाची टिकटिक आलीच नाही. केतकीनं घाबरत बाबांचं नाव घेतलं.

"कुणाचं हो?" आईनं विचारलं. मग आपणच म्हणाली, "आता फार काही राहिलं नाही घरात. एक पत्र्याची पेटी आहे, विमान कोरलेली. पोराच्या हातात आहे. मागते त्याच्याकडं."

 सनू गेला त्या वेळी आईनं महिनाभर तोंडात घास घेतला नव्हता. सहा वर्षांची असताना पाहिलेली, भिंतीकडं तोंड करून पडलेली ती पाठ केतकीला अजून दिसत होती. तो मुलगा तिला तिथं परत मिळाला होता, आणि आता तिच्याच हातून तो दुसऱ्यांदा जाणार होता. केतकीनं फळीवरचा खरा डबा काढून मांडीवर घेतला. थंडगार होता.

"हेमाताई," ती म्हणाली. आईला या नावानं तिनं कधी हाक मारली नव्हती. "पेटी राहू द्या त्याच्याजवळ. डबा न्यायला मी आलेय. आहे तसा द्या."

 मग आई म्हणाली, की आहे तसा कसा देऊ, तुम्ही त्या दिवशी आणलात म्हणून माझी पोरगी जेवली होती, नाहीतर तिच्याकडं बघायचं भान कुणाला होतं. थोडंसंच हवंय, भरतच आलाय.  केतकीला वाटलं, आता ती पेटी मागणार. तिनं डोळे मिटून घेतले.

"बरं, घ्या," आई म्हणाली. "पोरगीच ठेवली हो त्यात. पोरगा राहू दे, तो इथलाच आहे, त्याला दुसरं घर नाही. ती इथली नाही. मी उगाच हाका मारत बसते, ती कशी ओ देईल? तिकडचीच आहे ती. तिचं कुणी नाही हो, तेवढं बघा."

 केतकीनं तोंडावर पदर घेतला. आई वाट बघत होती. भांडं ज्याचं त्याच्या हाती पडेपर्यंत दारात उभी राहणाऱ्यांतली बाई ती. शेवटी केतकी कसंबसं म्हणाली, "मिळाला डबा."

"बरं झालं बाई," आई म्हणाली, आणि कित्येक वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखा तिचा श्वास सुटला. फोन बंद झाला.

त्यानंतर फोन आला नाही. कुणाला करायचा हेच आईला माहीत नसणार. शाहीन कळवत, की प्रत अगदी शांत आहे, कंपासपेटीची एक खुंटी पुरेशी आहे, चांगली घट्ट. केतकीनं शाळेत बदलीचा अर्ज दिला, कोकणातली एक शाळा कधीपासून तिच्या मनात होती. सामान बांधताना डबा तिनं हातातल्या पिशवीत वेगळा ठेवला. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही आणि तिनं आपण होऊन पैलघराला फोन लावला.

आई पुष्कळ तरुण वाटली. कोण बोलतंय, तिनं विचारलं. केतकी म्हणाली, मी प्रमिला शेडबाळे, शेजारची. ते नावही आईला आता ओळखीचं वाटलं नाही, पण माणुसकीनं तिनं बसा म्हटलं. केतकीनं सांगितलं, की तुमची मुलगी बरी आहे, गावाला निघालीय, जेवते वेळेवर.

"मला मुलगी नाही हो," आई हसून म्हणाली. "एक मुलगाच आहे. हा काय, गणितं सोडवतोय. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

"होय की, चुकलं माझं," केतकी म्हणाली. "तुमचा डबा पोचला, तेवढंच सांगायचं होतं. रिकामा नव्हता."